सेलातली काळी कांडी

विजेरीचा संपलेला सेल फोडून पाहिला, तर त्यात तीन गोष्टी सापडतात. बाहेरचे जस्ताचे डबडे जागोजागी खाल्ले गेलेले असते, आत काळा ओलसर चिखल असतो आणि मधोमध एक काळी कांडी असते. ही कांडी मात्र सेल नवा होता तेव्हा जशी होती तशीच असते. आमच्या तोंडवलीत पावसाळ्यात वीज गेली की खाडीच्या वाटेवर विजेरीवाचून पाऊल टाकता येत नाही. त्यामुळे संपलेले सेल घरोघरी पडलेले असतात, आणि त्यांतल्या कांडीने भिंतीवर रेघोट्या मारल्या नाहीत असे मूल आमच्या वाडीत शोधून सापडणार नाही. एकाच सेलात राहून जस्त संपते आणि कांडी का संपत नाही, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने या भानगडीत का पडावे, असे वाचकांना वाटेल. कारण पुढे येईलच.

विजेला जिथून एखाद्या द्रवात किंवा वायूत शिरायचे किंवा त्यातून बाहेर पडायचे असते, त्या टोकाला इलेक्ट्रोड म्हणतात. शालेय पुस्तकात त्याला विद्युत्अग्र असा शब्द आहे. सेलात असे दोन इलेक्ट्रोड असतात. जस्त स्वतः विरघळते आणि विरघळता विरघळता वीज देते. म्हणजे जस्त हेच या चुलीतले सरपण. कांडी कर्बाची. ती रासायनिक क्रियेत भाग घेत नाही, काळ्या चिखलातल्या मँगनीज डाय-ऑक्साइडपर्यंत वीज पोचवण्याचे तेवढे काम करते. फ्रान्सच्या लक्लांशे यांनी 1866 मध्ये ही जोडी जमवली आणि पुढे वीस वर्षांनी जर्मनीत गासनर यांनी तिला कोरड्या सेलाचे रूप दिले.

जस्ताचे हे खपणे समुद्रावर मुद्दाम वापरतात. होडीच्या आउटबोर्ड मशिनला पाण्याखालच्या भागात जस्ताचा एक तुकडा बसवलेला असतो. आमच्याकडे त्याला नुसते 'झिंक' म्हणतात. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की तिथे आपोआप सेल तयार होतो आणि त्यातला जो हळवा धातू तो खाल्ला जातो. जस्त ॲल्युमिनियमहून हळवे, म्हणून ते आधी जाते आणि मशीन वाचते. इंग्लंडच्या हम्फ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये आरमाराच्या तांब्याने मढवलेल्या गलबतांसाठी ही युक्ती सुचवली. तांबे वाचले खरे, पण तांबे विरघळेनासे झाल्यावर त्याचे विषही पाण्यात उतरेना, आणि गलबतांच्या बुडाला शिंपले आणि शेवाळ यांचे रान माजले!

तीन वर्षांपूर्वी आमचे मशीन दुरुस्तीला गेले होते. दुरुस्त करणाऱ्याने ते छान रंगवून दिले, आणि झिंकवरही रंग मारला. रंगाखाली झाकलेले जस्त पाण्याला भेटतच नाही, मग ते विरघळणार कसे? नारळी पौर्णिमेनंतर मशीन लावले, आणि तो हंगाम संपण्याआधी पंख्याजवळचे कवच भुसभुशीत होऊन गळून पडले. उरलेले दिवस बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून गेले. माझी बारावीची फी त्याच वर्षीची. कुठलीही नवी वस्तू घरात आली की बाबांचा एकच प्रश्न असतो, "ह्या टिकतला किती दिस?" मी हा विषय वाचायला घेतला तो या प्रश्नामुळे.

आता कर्बाकडे वळू. चुलीतला लाकडी कोळसा कर्बच, पण त्यातून वीज नीट वाहत नाही. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून मात्र ती वाहते, तेही कर्बच. फरक रचनेचा आहे. ग्रॅफाइटमध्ये कर्बाचे अणू पातळ पापुद्र्यांत बसलेले असतात आणि पापुद्रे पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक रचलेले असतात. कोळशात तेच पत्ते विस्कटून पडलेले असतात. ही विस्कट सरळ करायला उष्णता लागते, आणि तीही थोडीथोडकी नव्हे, सुमारे 3000 अंश सेल्सिअस. अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन हे सिलिकॉन आणि कर्ब यांचे एक कठीण संयुग भट्टीत तापवीत होते. भट्टी फार तापली तेव्हा त्यातला सिलिकॉन वाफ होऊन उडून गेला आणि मागे शुद्ध ग्रॅफाइट राहिले. 1896 मध्ये त्यांना या रीतीचे पेटंट मिळाले.

आजही इलेक्ट्रोड करण्याची रीत मुळात तीच आहे. खनिज तेल शुद्ध करताना उरलेला कोक दळायचा, दगडी कोळशाच्या डांबरात मळायचा, दाबून त्याचा खांब करायचा आणि तो हवा न लागू देता भाजायचा. भाजताना डांबरातला उडून जाणारा भाग जातो आणि खांबाला बारीक भोके पडतात. ती भरण्यासाठी पुन्हा डांबर पाजायचे, पुन्हा भाजायचे आणि शेवटी विजेच्या भट्टीत ग्रॅफाइट करायचे. या सगळ्याला महिनेच्या महिने लागतात. आपल्या महाराष्ट्रात नाशिकच्या सातपूरला ग्रॅफाइट इंडियाचा असा कारखाना आहे.

हे खांब लागतात पोलादाच्या भट्टीला. आपल्याच कोकणात, रायगड जिल्ह्यातल्या डोलवीला, विजेच्या ठिणगीवर पोलाद वितळवतात. माणसाच्या कमरेएवढे जाड इलेक्ट्रोड वरून भट्टीत उतरतात आणि त्यांच्या टोकाशी विजेचा लोळ पेटतो. लोखंड 1500 अंशांच्या आसपास वितळते. लोळ त्याहून कितीतरी तप्त असतो. तिथे कोणता धातू टिकेल? कर्ब टिकतो, कारण साध्या हवेच्या दाबाखाली तो वितळतच नाही, 3600 अंशांच्या सुमारास सरळ वाफ होतो. पण म्हणून तो अमर नव्हे. टोकाकडून वाफ होऊन आणि बाजूने हवेत जळून तो झिजत राहतो. म्हणून खांबांना आटे पाडलेले असतात. खालचा झिजला की वरून नवा पिळून बसवायचा. सुमारे 50 वर्षांपूर्वी एक टन पोलादामागे 5 ते 6 किलो इलेक्ट्रोड खपत असे, तो आता दीड-दोन किलोंवर आला आहे. त्यासाठी कोणी नवा पदार्थ शोधला नाही. खांबावर बाहेरून पाणी फवारले, भट्टीतले काही काम दुसऱ्या भांड्यात नेले, कोक अधिक चांगला निवडला. मला या लहान सुधारणांचे कौतुक जास्त वाटते.

जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिलेल्या वडीलधाऱ्यांना हा लोळ परका नाही. तिथल्या यंत्रात दोन कर्बाच्या कांड्या समोरासमोर जळत आणि त्यांच्या उजेडात चित्र पडद्यावर पडे. कांड्या झिजून अंतर वाढले की पडदा अंधारे, प्रेक्षक ओरडत आणि ऑपरेटर कांड्या पुढे सरकवी. आमचे मोठे काका अजूनही त्या ओरडण्याची नक्कल करून दाखवतात.

हीच अंतराची अडचण मिठाच्या कारखान्यांत फार महाग पडत असे. 1930 च्या सत्याग्रहाने आपल्या शिरोड्याची मिठागरे सर्वांना ठाऊक झाली, पण मीठ केवळ खाण्यासाठी नसते. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा मिळतो. कागद, साबण आणि पिण्याचे स्वच्छ पाणी यांचे काम त्यावर चालते. यातला क्लोरीनकडचा इलेक्ट्रोड पूर्वी ग्रॅफाइटचा असे. तो हळूहळू झिजे, समोरच्या इलेक्ट्रोडपासूनचे अंतर वाढे आणि तेवढ्याच कामाला वीज जास्त लागे. नेदरलँड्सचे संशोधक हेन्री बीअर यांनी 1960 नंतरच्या दशकात यावर तोड काढली. टायटॅनियम धातूच्या जाळीवर त्यांनी रुथेनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांचा लेप भाजून बसवला. लेप इतका पातळ, की केसाच्या जाडीतही कितीतरी थर मावतील. पण ही जाळी वर्षानुवर्षे आकार बदलत नाही, आणि लेप संपला तर त्याच जाळीवर पुन्हा चढवता येतो. तमिळनाडूत कारैकुडी येथे 1953 मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय विद्युत्‌रसायन संशोधन संस्थेनेही टायटॅनियमवरचे असे इलेक्ट्रोड तयार केले. टायटॅनियमचे खनिज, इल्मेनाइट, रत्नागिरी किनाऱ्याच्या काळ्या वाळूत आहे. आपण त्या वाळूला फक्त पाय पोळणारी वाळू म्हणून ओळखतो!

म्हणजे या एका कामात कर्ब हरला. पण इलेक्ट्रोड म्हणून झिजता झिजता त्याने एक वेगळीच वस्तू दिली. 1958 मध्ये अमेरिकेत पार्मा येथील युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन नावाचे तरुण शास्त्रज्ञ कर्बाच्या दोन कांड्यांमध्ये मोठ्या दाबाखाली लोळ पेटवीत होते. कर्ब कोणत्या परिस्थितीत वितळेल, एवढेच त्यांना पाहायचे होते. खालच्या कांडीवर साचलेल्या थरात त्यांना केसाहून बारीक तंतू दिसले. ते ग्रॅफाइटचे होते आणि पोलादाहून कितीतरी पट बळकट. एव्हरेडी सेल करणारी कंपनी ती हीच. भोपाळच्या 1984 च्या रात्रीनंतर हे नाव कौतुकाने घेववत नाही. पण शोध तिथे लागला हे खरे आहे.

कर्बाचा धागा त्याआधीही होता. एडिसन यांनी 1880 मध्ये बांबूचा तंतू भाजून दिव्यात घातला होता. पण तो ठिसूळ होता, कारण त्यातले पापुद्रे अस्ताव्यस्त होते. बळ येते ते पापुद्रे धाग्याच्या लांबीला धरून बसले तरच. काथ्याचा गोळा हाताने तुटतो आणि त्याच काथ्याच्या सुंभाने होडी बांधता येते, तसेच हे. प्रथम रेयॉनचा धागा भाजून पाहिला गेला. आपल्याकडे शहाडला होते तेच रेयॉन. पुढे जपानच्या आकिओ शिंदो यांनी 1960 च्या सुमारास ॲक्रिलिकचा धागा घेतला, आणि तीच रीत रूढ झाली. धागा ताणून धरून आधी हवेत 200 ते 300 अंशांवर भाजतात, मग हवा काढून हजार अंशांच्या वर नेतात. ताण सोडला की पापुद्रे विस्कटतात. असे काळे धागे राळेत बसवून वस्तू घडवतात.

बाबांच्या प्रश्नाला इथेही सामोरे जावे लागले. इंग्लंडच्या रोल्स रॉइसने विमानाच्या इंजिनाची पाती कर्बतंतूंची केली. पाती हलकी आणि ताकदवान होती, पण उडता पक्षी आदळला तर काय, म्हणून मेलेली कोंबडी वेगाने आदळवून पाहिली आणि पात्याच्या चिंध्या झाल्या. ओढीला बळकट असलेला धागा आडव्या ठोशाला तसा नसतो. टायटॅनियमची पाती करावी लागली, खर्च वाढत गेला आणि 1971 च्या फेब्रुवारीत कंपनीचे दिवाळे निघाले. पुढे दुसऱ्या एका कंपनीने पात्याच्या धारेला टायटॅनियमची कड लावून तीच कल्पना यशस्वी केली. आपल्या तेजस विमानात वजनाने सुमारे 45 टक्के भाग अशा साहित्याचा आहे.

आमच्या किनाऱ्यावर आता फायबरच्या होड्या सर्रास दिसतात. त्या काचतंतूंच्या, कर्बतंतूंच्या नव्हेत. कर्बतंतू फार महाग. शिवाय त्याची एक खोड समुद्रावर राहणाऱ्याने ओळखून असावी. कर्बतंतू वीज वाहतो, आणि सेलातल्या कांडीसारखाच स्वतः खाल्ला जात नाही. त्याच्या अंगाला ॲल्युमिनियमचा तुकडा बोल्टने जोडला आणि वर खारे पाणी पडले, की तिथे पुन्हा सेल तयार होतो. त्यात झिजते ॲल्युमिनियम, तेही झपाट्याने. म्हणून विमाने बांधणारे दोघांच्या मध्ये काचतंतूंच्या कापडाचा एक थर घालतात आणि बोल्ट टायटॅनियमचे वापरतात.