जुन्या फटफटीचा कार्ब्युरेटर
आपल्या वडुजात कुणाच्या पडवीत वडिलांची जावा फटफटी उभी असेल. १९६१ पासून ती म्हैसूरला तयार होऊ लागली. तिचे इंजिन पुन्हा चालू करावयाचे, तर आपण मूळचा जिकोव्ह कार्ब्युरेटरच का शोधावा?

हवेत पेट्रोल मिसळण्याचे काम कार्ब्युरेटरचे. या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेलही पेट्रोलातूनच जाते. परक्या कार्ब्युरेटरचे जेट बारीक निघाले, की पेट्रोलाबरोबर तेलही अपुरे पडते आणि पिस्टन तापून सिलिंडरात अडकतो. शिवाय आजच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातील प्राणवायूमुळे मिश्रणाला पेट्रोल आणखीच कमी पडते. म्हणून आपण कार्ब्युरेटर मूळचा ठेवावा, जेट मात्र किंचित मोठे घ्यावे. स्पार्क प्लग पांढरा दिसला तर पेट्रोल कमी, काळा दिसला तर जास्त, तपकिरी दिसला तर प्रमाण योग्य समजावे.