दोन, दोन, चार

पेट्रोलचा ऑक्टेन आकडा ठरवताना दोन द्रवांचा मापदंड लावतात. हेप्टेनला शून्य, आयसोऑक्टेनला शंभर. सिलिंडरच्या दाबाखाली हेप्टेन फार लवकर आपोआप पेटतं आणि इंजिन ठोके देऊ लागतं; आयसोऑक्टेन तो दाब निमूट सोसतं.

पण 'आयसोऑक्टेन' हे नाव तसं बेशिस्तच. आठ कार्बन नि अठरा हायड्रोजन एकमेकांना १८ प्रकारे जोडता येतात. त्यातला कुठला, ते या नावावरून कळत नाही. जुन्या रिवाजानुसार तर ते भलत्याच रेणूला, २-मिथाइलहेप्टेनला, शोभलं असतं. असला गोंधळ निस्तरायला १८९२ साली जिनिव्हात रसायनशास्त्रज्ञ जमले. १९१९ मध्ये आययूपॅक ही रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि पुढे हे काम तिच्याकडे आलं.

आता मापदंडातल्या त्या आयसोऑक्टेनच्या रेणूचं बारसं नियमाने करू. आधी कार्बनची सगळ्यांत लांब साखळी शोधायची. कागदावर आडवी दिसते तीच लांब, असं धरून मुलं इथेच गुण घालवतात. साखळी वळणं घेत गेली तरी ती साखळीच. आपल्या रेणूत ती पाच कार्बनची भरते. म्हणजे कार्बन आठ, पण मूळ नाव पेंटेन! उरलेले तीन कार्बन म्हणजे एकेका कार्बनचे तीन फाटे: ट्रायमिथाइल.

मग क्रमांक. एका टोकाकडून मोजलं तर फाटे २, २, ४ वर येतात, दुसऱ्या टोकाकडून २, ४, ४ वर. एकाच कार्बनवर दोन फाटे असले तर आकडाही दोनदा लिहायचा. नाव ठरलं: २,२,४-ट्रायमिथाइलपेंटेन.

'ज्याची बेरीज कमी तो क्रम घ्या' अशी युक्ती अनेक क्लासांत सांगतात. इथे ती लागू पडते, पण नियम तो नव्हेच. दहा कार्बनच्या साखळीवर एका बाजूने २, ७, ८ आणि दुसऱ्या बाजूने ३, ४, ९ आले, तर बेरीज दुसऱ्याची कमी, तरी बरोबर पहिलं. दोन्ही क्रम डावीकडून ताडायचे; पहिला फरक पडेल तिथे ज्याचा आकडा लहान, तो क्रम घ्यायचा. इथे दोन विरुद्ध तीन, निकाल लागला.

साखळीवर अल्कोहोलचा क्रियात्मक गट असला, की मान त्याचा. फाटे कुठेही असोत, लहान क्रमांक आधी त्याला. सॅनिटायझरमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणजे प्रोपेन-२-ऑल: तीन कार्बन, मधल्यावर तो गट. त्याच नियमाने ४-मिथाइलपेंटेन-२-ऑल बरोबर, २-मिथाइलपेंटेन-४-ऑल चूक.