फवारणीचा अदृश्य ठसा

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या दुर्घटनेची देशभर चर्चा झाली, कारण तिचे परिणाम उघड्या डोळ्यांना दिसत होते. परंतु कीटकनाशकांचे काही परिणाम फवारणाऱ्याला जाणवत नाहीत आणि नेहमीच्या वैद्यकीय तपासणीतही आढळत नाहीत. मळमळ नाही, चक्कर नाही. सायंकाळी हातपाय धुऊन माणूस जेवायला बसतो. तरीही त्याच्या पेशींमध्ये, जनुकांच्या पातळीवर, काही बदल घडलेला असू शकतो. गेल्या दोन दशकांत अनेक संशोधक याच शक्यतेचा मागोवा घेत आहेत.

जनुक तेच, आज्ञा वेगळी

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच एकच असतो. तरीही यकृताची पेशी यकृताचे काम करते आणि मेंदूची पेशी मेंदूचे. कोणत्या पेशीत कोणते जनुक जागे राहावे आणि कोणते निद्रिस्त, याचे सतत नियमन होत असते. या नियमनाचे एक साधन म्हणजे ‘मिथाइल’ हा लहानसा रासायनिक गट. जनुकाच्या आरंभीच्या भागात हे गट जोडले गेले, की बहुधा त्या जनुकाचे काम मंदावते. ते निघाले, की ते पुन्हा सुरू होऊ शकते. जनुकातील मूळ मजकूर यात बदलत नाही. बदलते ती त्याच्या वापराची आज्ञा. या शास्त्राला ‘एपिजेनेटिक्स’ असे म्हणतात. धूम्रपानाने या खुणा बदलतात, हे आता निर्विवाद आहे. मग वर्षानुवर्षे शेतात विष हाताळणाऱ्यांचे काय?

सॅलिनास खोऱ्यातील माता

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सॅलिनासचे खोरे सॅलडची पाने आणि स्ट्रॉबेरी यांच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे राबणारे बहुसंख्य मजूर मेक्सिकोतून आलेले आहेत. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ब्रेंडा एस्केनाझी यांच्या नेतृत्वाखाली १९९९-२००० मध्ये या खोऱ्यातील ६०१ गर्भवती स्त्रियांची नोंद करण्यात आली आणि पुढे त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास होत राहिला. गर्भारपणी ज्या मातांच्या लघवीत ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांचे अवशेष सर्वाधिक होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यंक वयाच्या ७ व्या वर्षी, सर्वांत कमी अवशेष असलेल्या गटाच्या तुलनेत, सरासरी ७ गुणांनी कमी आढळला. हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

या कीटकनाशकांपैकी काहींचे विषारी रूप निकामी करणारे ‘पॅराऑक्सोनेज’ नावाचे एक विकर आपल्या रक्तात असते. नवजात बालकात त्याचे प्रमाण मातेपेक्षा खूपच कमी असते आणि प्रौढांच्या पातळीला पोहोचण्यास काही वर्षे जातात. हे विकर किती तयार व्हावे, याचा संबंध त्याच्या जनुकावरील मिथाइल खुणांशी आहे, असे याच मुलांच्या नाळेतील रक्तावरून दिसून आले. विषाचा प्रतिकार करण्याची शक्तीसुद्धा अशा प्रकारे जनुक-नियमनावर अवलंबून असते.

पुरावा कोठवर आला आहे?

प्रौढ कामगारांविषयीचे पुरावेही जमा होत आहेत. २०१८ मध्ये नेदरलँड्समधील आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या आयोवा व नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतील अभ्यासांत कीटकनाशकांच्या संपर्काचा रक्तपेशींतील मिथाइल खुणांच्या फरकांशी संबंध आढळला. अमेरिकेतील अभ्यासात एक हजाराहून अधिक पुरुष शेतकऱ्यांचा समावेश होता.

त्याआधी, २००५ मध्ये, वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील मायकेल स्किनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाभण उंदीर माद्यांना विन्क्लोझोलिन हे बुरशीनाशक टोचले असता, पुढील चार पिढ्यांतील नरांच्या शुक्राणूंवर परिणाम दिसला होता. मात्र त्या प्रयोगातील मात्रा फार मोठी होती आणि अन्य काही प्रयोगशाळांना तसा परिणाम आढळला नाही. म्हणून माणसात हे बदल पिढ्यान्‌पिढ्या उतरतात, असे म्हणणे योग्य ठरणार नाही. खूण बदलली म्हणजे आजार झालाच, असेही नाही. परंतु शरीराने त्या संपर्काची नोंद घेतली आहे, एवढे त्यातून कळते. ऑर्गॅनोफॉस्फेटचे अवशेष काही दिवसांत लघवीवाटे निघून जातात. जनुकांवरील खुणा मात्र त्यापेक्षा दीर्घकाळ टिकू शकतात.

धोका कोणाचा, निर्णय कोणाचा?

आमच्या वाचकांपैकी अनेकांची गावी शेती असेल. कोणते औषध आणायचे हे आपण ठरवत असाल. पाठीवर पंप मात्र मजुराच्या असतो. फवारलेल्या शेतात दुसऱ्या दिवशी निंदणीला त्याच्याच घरची स्त्री जाते आणि त्याचे भिजलेले कपडे तीच धुते. हे विष केवळ श्वासावाटे नव्हे, तर मोठ्या प्रमाणावर त्वचेतून शरीरात जाते. म्हणूनच तोंडाला बांधलेला रुमाल पुरेसा ठरत नाही.

औषधाच्या वेष्टनावरील त्रिकोण त्याची तीव्रता सांगतो: लाल सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. खरेदी करतानाच तो पाहावा व शक्य तेथे सौम्य औषध निवडावे. औषधाच्या खर्चातच रबरी हातमोजे, योग्य मुखवटा, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे यांचा खर्च धरावा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये. मनाने दोन-तीन औषधे एकत्र कालवू नयेत. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. फवारलेल्या शेतात लगेच कोणालाही कामाला पाठवू नये. गर्भवती स्त्रिया व मुले यांना तर या कामापासून दूरच ठेवावे.

पीक वाचले की नाही, हे हंगामाअखेर कळते. ते वाचवताना मजुराच्या शरीराने काय सोसले, हे मात्र त्याला स्वतःलाही कळत नाही. म्हणूनच ती काळजी, शेत ज्याचे आहे त्याने फवारणीपूर्वीच घ्यावयास हवी.