दीड किलोमीटर खोल बसलेला पंप

माण म्हटलं की काहींना सातारा जिल्ह्यातला दुष्काळी माण तालुका आठवेल. पण आपण बोलतोय ते पुण्याजवळच्या, मुळशी तालुक्यातल्या माण गावाबद्दल. हिंजवडीला अगदी खेटून असलेलं हे गाव. एकीकडे आयटी पार्कच्या काचेच्या इमारती, दुसरीकडे जुनी घरं आणि शेतं. अशा गावात बोअर बिघडली की काय होतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. टाकी भरत नाही, टँकर मागवावा लागतो आणि मग बोअरवाले येतात. लोखंडी तिपाई उभी करतात, चेनपुली लावतात आणि एकेक पाइप वर ओढून शेवटी तो लांबुळका पंप बाहेर काढतात. कुणीतरी म्हणतं, "मोटर जळालीय!"

आता अशी कल्पना करा, की हाच पंप शंभर मीटरवर नाही, तर दीड हजार मीटर खोल आहे. वर पाण्याऐवजी खनिज तेल आणायचं आहे. खाली उकळत्या पाण्याइतकी उष्णता असू शकते, शिवाय तेलात वायू, वाळू आणि खारं पाणी. असे पंप खरोखरच असतात, बरं का! तुमच्या बोअरच्या सबमर्सिबल पंपाचे हे सख्खे चुलतभाऊ.

पण पंप खाली कशाला सोडायचा? वर ठेवून तेल ओढून घेता येणार नाही का? नाही येणार. नळीने सरबत पिताना आपल्याला वाटतं, की आपण सरबत ओढतो. खरं तर आपण नळीतली हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब सरबताला वर ढकलतो. हा दाब पाण्याला फार तर दहा मीटरच्या आसपास चढवू शकतो. त्याहून खोल विहिरीत वरून कितीही ओढा, पाणी येणार नाही. म्हणून पंपाने स्वतः खाली जायचं आणि तिथून ढकलायचं.

ही युक्ती तेलविहिरीत यशस्वी करून दाखवली आर्मेस अरुतुनोव्ह या इंजिनिअरने. त्याचा जन्म १८९३ साली तिफ्लिसचा, म्हणजे आजच्या जॉर्जियातल्या तिबिलिसीचा. १९२३ साली तो अमेरिकेला गेला आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे पंप कॅन्ससमधल्या तेलविहिरींत फिरू लागले. त्याच्या कंपनीचं नाव होतं 'रेडा'. 'रशियन इलेक्ट्रिकल डायनॅमो ऑफ अरुतुनोव्ह' या शब्दांची ती आद्याक्षरं. तेलाच्या धंद्यात हे नाव अजून टिकून आहे.

पंपाचा आकार मोठा गमतीचा असतो. विहिरीचं भोक अरुंद, त्यामुळे पंपाची जाडी तांब्याच्या पोटाएवढी आणि लांबी मात्र पाच-सहा मजली इमारतीइतकी! सगळ्यात खाली मोटर. तिच्या अंगावरून तेल वर जातं आणि जाता जाता तिला थंड करतं. मोटरच्या वर 'प्रोटेक्टर' नावाचा भाग असतो. मला विचाराल तर सगळ्यात हुशार भाग हाच. मोटरच्या आत वीज न वाहणारं स्वच्छ तेल भरलेलं असतं. मोटर तापली की ते तेल फुगतं, बंद पडून थंड झाली की आकसतं. फुगलेल्या तेलाला जागा द्यायची, पण आकसताना विहिरीतलं खारं पाणी आत घुसू द्यायचं नाही! त्यासाठी प्रोटेक्टरमध्ये फुग्यासारख्या रबरी पिशव्या असतात. खाऱ्या पाण्याचे चार थेंब जरी गुंडाळ्यांपर्यंत पोचले, तरी मोटर संपलीच समजा.

त्याच्या वर तेल आत घेणारी जाळी आणि तिच्या वर पंप. पंपात एकावर एक रचलेल्या 'स्टेज' असतात. प्रत्येक स्टेजमध्ये एक फिरता इम्पेलर आणि एक स्थिर वाटी. इम्पेलर तेलाला गरगर फिरवून बाहेर भिरकावतो, वाटी त्या वेगाचं दाबात रूपांतर करते आणि तेल पुढच्या स्टेजला देते. घरच्या बोअरमध्ये अशा दहा-पंधरा स्टेज असतील. तेलविहिरीत किती लागतील?

चला, आपणच काढू. पंप १५०० मीटर खोल आहे, म्हणून १५०० मीटरचा भार धरायचा का? इथेच बरेच जण फसतात. जमिनीतल्या दाबामुळे तेल-पाण्याचं मिश्रण विहिरीत आपोआप वर चढतं. समजा, पंप चालू असताना ते १००० मीटर खोलीवर उभं राहतं. मग पंपाला तिथूनच वर उचलायचं आहे. पाइपमधल्या घर्षणासाठी ५० मीटर धरा. वर आल्यावर टाकीपर्यंत जायला थोडा दाब हवा, त्याचे १०० मीटर. एकूण ११५० मीटर. एक स्टेज ६ मीटर उचलते असं मानलं, तर ११५० भागिले ६, म्हणजे १९२ स्टेज! दिवसाला २०० घनमीटर मिश्रण हवं असेल आणि पंपाची कार्यक्षमता ५८ टक्के असेल, तर सुमारे ६० अश्वशक्तीची मोटर लागेल.

झालं का डिझाइन? छे! खरी मेख पुढेच आहे. पंपाने जास्त उपसलं, की विहिरीतली पातळी खाली जाते. पातळी खाली गेली, की उचलायची उंची वाढते. उंची वाढली, की पंप कमी देतो. विहीर किती देऊ शकते आणि पंप किती मागतो, हे दोन्ही जिथे जुळतं तिथेच गाडी स्थिरावते. म्हणून पंप 'मोठा' असून भागत नाही, तो त्या विहिरीला शोभावा लागतो. ही आकडेमोड आता संगणकावर होते. ती करायला विहिरीजवळ बसावं लागत नाही, माणच्या एखाद्या इमारतीत बसूनही करता येते.

वायूचा त्रास वेगळाच. सोड्याची बाटली उघडली की फसफस बुडबुडे येतात ना? खोल जमिनीत तेलात वायू असाच विरघळलेला असतो, दाब कमी झाला की सुटतो. इम्पेलर जड तेल बाहेर फेकतो, हलका वायू मधोमध साठून बसतो आणि वाट अडवतो. पंप फिरतोय, पण वर थेंबही येत नाही! म्हणून पंपाच्या तोंडाशीच वायू वेगळा करणारं यंत्र बसवतात.

हे सगळं चालतं दीड किलोमीटर खाली, अंधारात. मग खाली काय बिघडलंय, हे वरच्या माणसाला कळतं कसं? तर मोटर किती वीज खाते त्यावरून! पूर्वी जमिनीवरच्या पेटीत एक गोल कागद घड्याळासारखा सावकाश फिरायचा आणि पेन त्यावर विजेच्या प्रवाहाची रेघ ओढायचं. गुळगुळीत गोल रेघ आली, म्हणजे सगळं ठीक. रेघ थरथरत, करवतीच्या दात्यांसारखी आली, तर पंपात वायू शिरतोय. रेघ चढत चाललेली दिसली, तर वाळूने किंवा घट्ट तेलाने मोटरवर ताण येतोय. आणि रेघ हळूहळू उतरून एकदम तुटली, तर बहुधा विहीर उपसून कोरडी पडली आणि मोटर आपोआप बंद झाली. डॉक्टर हृदयाचा आलेख वाचतात, तसाच हा प्रकार. आता खालीच दाब आणि तापमान मोजणारी यंत्रं असतात आणि आकडे पडद्यावर दिसतात, पण विजेची रेघ वाचणं काही सुटलेलं नाही.

विहीर वारंवार कोरडी पडत असेल तर? पंपाचा वेग कमी करायचा. वेग ९० टक्क्यांवर आणला, की उपसाही ९० टक्के होतो, पण उचलायची ताकद ८१ टक्के उरते आणि लागणारी शक्ती ७३ टक्केच. का, ते ०.९ चा वर्ग आणि घन करून पाहा.

बंद पडलेली मोटर लगेच चालू करायची घाई मात्र नडते. पाइपमधला तेलाचा उंच स्तंभ खाली घसरताना पंपाला उलटा फिरवतो. नेमकं तेव्हाच बटण दाबलं तर बारीक, लांबलचक दांडा पिळवटून तुटू शकतो. मग सगळं वर काढा! नऊ-नऊ मीटरचे दीडशेहून अधिक पाइप, एकेक करून. त्यासाठी तिपाई पुरत नाही, मोठं रिग यंत्र आणावं लागतं, आणि तेवढे दिवस तेल बंद. समुद्रात असेल तर विचारूच नका.

समुद्रावरून आठवलं. आपल्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, बॉम्बे हाय इथे 'सागर सम्राट' जहाजाने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल शोधलं आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. पण तिथल्या विहिरींत मुख्यतः दुसरीच युक्ती वापरतात. पाइपात खालून दाबाने वायू सोडायचा, म्हणजे तेलाचा स्तंभ फेसाळून हलका होतो आणि वर येतो. वायू तिथे मिळतोच आणि विहिरीत फिरणारा भाग एकही नाही, मग बिघडणार काय? याउलट राजस्थानातल्या बाडमेरचं मंगला क्षेत्र. २००४ साली ते सापडलं, २००९ साली तेल निघू लागलं. ते तेल मेणचट, थंड झालं की गोठणारं. गुजरातकडे नेणारी पाइपलाइनही गरम ठेवावी लागते! तिथे विहिरींत विजेचे सबमर्सिबल पंप उतरवले आहेत.

घरच्या बोअरचा पंप पुन्हा कधी वर काढला, तर त्यावरची पट्टी वाचा. स्टेज किती आणि किती मीटर उचलतो, ते दोन्ही बहुतेक लिहिलेलं असतं. त्या उंचीला स्टेजच्या संख्येने भागा आणि आपल्या ६ मीटरशी ताडून पाहा. वायरला आणि स्टार्टरला मात्र हात लावू नका, ते काम बोअरवाल्या काकांचं.