हृदय अकार्यक्षमता : कारणे, लक्षणे व निदान (जिंतूर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

‘हार्ट फेल झाले’ हा मराठी बोलण्यातील शब्दप्रयोग मृत्यूची वार्ता देतो. जिंतूर तालुक्यातील कोणत्याही गावी त्याचा अर्थ एकच घेतला जातो, तो म्हणजे माणूस गेला. वैद्यकशास्त्रातील ‘हार्ट फेल्युअर’ मात्र हृदय थांबणे नव्हे. चालू असलेले हृदय शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलू शकत नाही, अथवा हृदयातील दाब अवाजवी वाढल्यावरच ते शक्य होते, या अवस्थेला हृदय अकार्यक्षमता म्हणतात. ही गल्लत केवळ भाषिक नाही. डॉक्टरांनी हा शब्द उच्चारताच काही कुटुंबे आशा सोडतात. तर समोर बसून बोलणाऱ्या माणसाचे हृदय ‘फेल’ कसे, म्हणून काही जण औषधेच बंद करतात. दोन्ही प्रकारे हानी रुग्णाचीच होते. प्रस्तुत लेखात या विकाराची कारणे, लक्षणे व निदानपद्धती यांचे विवेचन केले आहे.

कारणे

हृदयाच्या रोहिण्या अरुंद होणे किंवा पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन स्नायूचा काही भाग मृत होणे, हे प्रमुख कारण होय. केरळातील त्रिवेंद्रम हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत २०१३ साली १२०५ रुग्णांची नोंद झाली. त्यांचे सरासरी वय सुमारे ६१ वर्षे होते आणि ७२ टक्के रुग्णांत हेच कारण आढळले. उच्च रक्तदाब व मधुमेह वर्षानुवर्षे निमूटपणे हृदयाचा स्नायू जाड व ताठर करतात.

ग्रामीण भागात आणखी एका कारणाकडे दुर्लक्ष होऊन चालणार नाही, ते म्हणजे संधिवातीय ज्वर. बालपणी घशाला झालेला जिवाणूसंसर्ग उपचाराविना राहिला, तर पुढे सांधे सुजतात. ते बरे होतात, परंतु हृदयाच्या झडपांवर कायमचा व्रण राहू शकतो. अनेक स्त्रियांमध्ये हा दोष प्रथम गरोदरपणात, रक्ताचे प्रमाण वाढल्यावर, उघडकीस येतो. याशिवाय अतिमद्यपान, प्रसूतीच्या सुमारास उद्‌भवणारा स्नायुविकार, आणि चुलीच्या धुराने वा विडीने फुप्फुसे खराब होऊन उजव्या बाजूवर येणारा ताण हीही कारणे आहेत. रक्तक्षय व थायरॉइडचे विकार आधीच दुबळ्या हृदयाचा भार वाढवतात.

लक्षणे

येथे पुन्हा भाषाच आड येते. ‘दम लागतो’ असे रुग्ण सांगतो आणि ऐकणारा ‘दमा’ समजतो. पन्नाशीनंतर प्रथमच ‘दमा’ सुरू झाला असेल, तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय त्या निदानावर विसंबणे योग्य नाही. डावी जवनिका रक्त पुढे ढकलण्यास अपुरी पडली की फुप्फुसांत दाब वाढतो. आडवे झाल्यावर तो आणखी वाढतो. म्हणून रुग्ण एकाऐवजी दोन-तीन उशा घेतो, मध्यरात्री गुदमरून उठतो, ओसरीवर येऊन बसतो. उजवी बाजू थकली की पाय सुजतात, पोट जड होते, भूक मंदावते. संध्याकाळी चप्पल रुतू लागते, पैंजण घट्ट होतात. नडगीवर अंगठा दाबल्यास खळगा राहतो. मूत्रपिंड व यकृताच्या विकारांत आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही अशी सूज येते, हे मात्र ध्यानात ठेवावे. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वजन वाढणे ही चरबी नसून बहुधा साठलेले पाणी असते.

थकवा सर्वांत फसवा. रुग्ण नकळत कामच कमी करतो आणि त्रास नसल्याचे सांगतो. गेल्या वर्षी नेमगिरीची चढण न थांबता चढणारा माणूस यंदा पायथ्याशीच बसून राहिला, तर ‘वय झाले’ म्हणून तो विषय मिटवू नये.

उशीर झाल्यावर उपायांचे मार्ग थोडेच उरतात. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. आज या शस्त्रक्रियेचे यश पुष्कळ वाढले असले, तरी दात्याचे हृदय मोजक्यांनाच मिळते. औषधांचा लाभ मात्र निदान वेळेवर झाल्यास बहुतेकांना होऊ शकतो.

निदान

निदानाचा आरंभ यंत्राने नव्हे, तर विचारपूस व तपासणीने होतो : मानेच्या फुगलेल्या शिरा, फुप्फुसांच्या तळाशी बारीक खरखर, हृदयाचा तिसरा ध्वनी. ईसीजी सर्वस्वी निर्दोष असल्यास या विकाराची शक्यता कमी होते. क्ष-किरण चित्रात हृदयाचा आकार व फुप्फुसांतील पाणी दिसते. एनटी-प्रोबीएनपी ही रक्तचाचणी मुख्यतः विकार नाही हे ठरवण्यास उपयुक्त आहे. तातडीची स्थिती नसताना हे प्रमाण प्रति मिलिलिटर १२५ पिकोग्रॅमपेक्षा कमी असेल, तर दम लागण्याचे कारण बहुधा अन्यत्र शोधावे. वार्धक्य व मूत्रपिंडविकारात ते वाढते. स्थूल व्यक्तीत कमी दिसू शकते.

निर्णायक तपासणी म्हणजे इको. जवनिका प्रत्येक ठोक्याला आपल्यातील रक्ताचा किती टक्के भाग बाहेर टाकते, ते तीत मोजतात. ४० किंवा त्याहून कमी, ४१ ते ४९, आणि ५० व त्यापुढे असे तीन गट मानले जातात. हा आकडा परीक्षेतील गुणांसारखा वाचला जातो, ही मोठी अडचण आहे. निरोगी हृदयही शंभर टक्के रक्त बाहेर टाकत नाही. ६० हा आकडा उत्तम असतो, चाळीस टक्के हृदय बिघडल्याचा तो पुरावा नव्हे. उलट, आकडा ५५ असूनही ताठर हृदयामुळे रुग्णाला हा विकार असू शकतो, विशेषतः वृद्ध, मधुमेही व रक्तदाबाच्या स्त्रियांमध्ये. अशा रुग्णाला ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून परत पाठवले गेले, तर त्याच्या पायांची सूज आणि रात्रीच्या उशा तशाच राहतात.