बाळंतपणातील सोबतीण

पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या की आई, सासू, नणंद अशा सगळ्याजणी तिच्याबरोबर रुग्णालयात येतात. प्रसूतीच्या खोलीत मात्र ती बहुधा एकटीच जाते. अनोळखी जागा, वाढत्या कळा आणि धीर द्यायला कोणी नाही. भीतीने अंग आखडते व त्रास वाढतो.

पूर्वी भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर बाळंतपणे घरीच होत. त्यात धोका मोठा होता. परंतु एखादी जाणती बाई कंबर चोळीत रात्रभर उशाशी बसे. रुग्णालयात सुरक्षितता आली, ही सोबत तेवढी सुटली. हेच काम शिकून करणाऱ्या बाईला ‘डूला’ म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक. पुण्या-मुंबईत अशा प्रशिक्षित डूला आहेत. त्यासाठी नर्सिंगची पदवी लागत नाही. मात्र प्रसूती करणे हे डूलाचे काम नव्हे.

सोबतीचा उपयोग होतो काय? २०१७ साली १७ देशांतील पंधरा हजारांवर स्त्रियांच्या पाहणीचा आढावा प्रसिद्ध झाला. अखंड सोबत मिळालेल्यांत नैसर्गिक प्रसूती अधिक व सिझेरियन कमी आढळले. केंद्र सरकारनेही २०१६ साली सरकारी रुग्णालयांत एक सोबतीण आत घेण्यास मान्यता दिली आहे.

घरातली बाईही हे काम करू शकते. ती शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली, निरोगी आणि शेवटपर्यंत थांबणारी असावी. कपडे स्वच्छ असावेत. तिने कंबर चोळावी, सावकाश श्वास घ्यायला सांगावे, नर्सला विचारून चालवावे, पाणी द्यावे. बाळ झाल्यावर तासाभरात अंगावर पाजायला मदत करावी. मध, गुटी चाटवू नये. पोट दाबणे, आतून तपासणे, औषध देणे ही कामे तिची नाहीत. रक्त जाऊ लागले, झटके आले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर ताबडतोब डॉक्टरांना सांगावे. घरी असाल तर १०८ ला फोन करावा.

सोबतीण सातव्या महिन्यातच ठरवा. तिला तपासणीला बरोबर न्या आणि आत येऊ द्याल का, हे रुग्णालयात आधीच विचारा. पावसाळ्यात दुर्गम वाडीतील गर्भवतीला दिवस भरण्यापूर्वीच रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे आणून ठेवा. ऐन वेळी धावपळ नको.