गाडी सारखी, मग वेग कुणाचा?

फॉर्म्युला-वनमध्ये पहिला आलेला चालक हा जगातला सर्वोत्तम चालक आहे का? या प्रश्नाचे उत्तर फॉर्म्युला-वन देऊ शकत नाही. तिथे प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः घडवतो, आणि गाड्यांमधला फरक चालकांमधल्या फरकापेक्षा बहुतेक वेळा मोठा असतो. आपल्या नारायण कार्तिकेयनचेच पाहा. 2005 साली जॉर्डन संघाच्या मागे पडणाऱ्या गाडीतून तो फॉर्म्युला-वनच्या पूर्ण हंगामात धावला. त्याला गुण मिळाले ते फक्त इंडियानापोलिसला, कारण टायरच्या वादातून बाकीच्यांनी माघार घेतली आणि सहाच गाड्या शर्यतीत उरल्या. पुढे 2007च्या डिसेंबरमध्ये चीनमधल्या झुहाईला आणि मे 2008 मध्ये इंग्लंडच्या ब्रँड्स हॅचला हाच कार्तिकेयन भारताच्या नावाने धावला आणि दोन्ही ठिकाणी मुख्य शर्यत जिंकला. ती मालिका होती ए-वन ग्रांप्री. तीत देश देशाशी लढत असे आणि सगळ्या देशांच्या गाड्या एकसारख्या असत. त्या वेळी लोला कंपनीचा सांगाडा आणि झायटेकचे 3.4 लिटरचे व्ही-8 इंजिन, हेच सर्वांना.

ए-वन ग्रांप्री 2005 ते 2009 अशी चार हंगाम चालली आणि पैशाअभावी बंद पडली. मात्र तिची मूळ कल्पना टिकली. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने, म्हणजे एफआयएने, 2019 साली रोमजवळच्या वॅलेलुंगा ट्रॅकवर ‘मोटरस्पोर्ट गेम्स’ भरवले. ऑलिम्पिकसारखीच सुवर्ण, रौप्य, कांस्य पदके आणि देशांची पदकतालिका. त्यातला कुमारांसाठीचा एकासनी गाड्यांचा प्रकार म्हणजे फॉर्म्युला-4 कप. चालक आपल्या देशाच्या रंगात उतरतो, पण गाडी त्याच्या देशाची नसते आणि त्याच्या नेहमीच्या संघाचीही नसते. ती संयोजक देतात आणि सर्वांना तीच देतात. 2019चे सुवर्ण इटलीच्या आंद्रेआ रोस्सोने जिंकले. कोविडमुळे लांबलेली पुढची स्पर्धा 2022च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधल्या पॉल रिकार्ड ट्रॅकवर झाली आणि तिथे पोर्तुगालचा मान्युएल एस्पिरितो सांतो पहिला आला. तिसरी 2024 साली स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला झाली.

देशांमधल्या मोटार शर्यतींचा इतिहास याच्या अगदी उलट टोकापासून सुरू होतो. ‘न्यूयॉर्क हेराल्ड’चा मालक जेम्स गॉर्डन बेनेट याने ठेवलेल्या चषकाच्या शर्यती 1900 साली सुरू झाल्या. नियम असा की गाडीचा प्रत्येक भाग त्याच देशात बनलेला हवा आणि एका देशाच्या जास्तीत जास्त तीनच गाड्या. फ्रान्सचा निळा, जर्मनीचा पांढरा, ब्रिटनचा हिरवा हे मोटार शर्यतीतले राष्ट्रीय रंग त्या काळातले. 1903 साली आयर्लंडमध्ये कामिय जेनात्झी जिंकला तो मर्सिडीज चालवून. जेनात्झी स्वतः बेल्जियमचा, पण विजय जर्मनीचा मानला गेला. त्या काळी देशाची परीक्षा म्हणजे त्याच्या कारखान्यांची परीक्षा होती, चालक कोणत्याही देशाचा चाले. सव्वाशे वर्षांनी आपण नेमके उलटे करतो आहोत. यंत्राचा फरक पुसून माणूस तपासायचा. विज्ञानाच्या दृष्टीने हा प्रयोग जास्त अवघड आणि माझ्या मते जास्त मोलाचा आहे.

अवघड अशासाठी की दोन गाड्या ‘सारख्या’ करणे वाटते तितके सोपे नाही. फॉर्म्युला-4 हा वर्ग एफआयएने 2014 साली सुरू केला, तो कार्टिंगमधून वर येणाऱ्या मुलांसाठी पहिली पायरी म्हणून. किमान वय 15 वर्षे. भारतात मोटारीच्या परवान्यासाठी 18 पूर्ण लागतात. शर्यतीचा परवाना त्याहून वेगळा आणि तो फक्त ट्रॅकपुरता असतो. पहिल्या पिढीच्या या गाड्यांचे इंजिन सुमारे 160 अश्वशक्तीचे आणि चालकासह किमान वजन सुमारे 570 किलो. आजच्या फॉर्म्युला-वन गाडीची ताकद हजार अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे या गाडीच्या सहापट. ताकद इतकी बेताची असल्यामुळेच इथे लहानसा फरकही लपत नाही.

समजा, एक मुलगा 50 किलोचा आहे आणि दुसरा 70 किलोचा. 570 किलोत 20 किलो म्हणजे साडेतीन टक्के. बळ तेवढेच असेल, तर वस्तुमान जितके जास्त तितका प्रवेग कमी. न्यूटनच्या दुसऱ्या नियमातून इथे सुटका नाही. म्हणून किमान वजन चालकाला धरून मोजतात आणि हलक्या चालकाच्या गाडीत वजने बोल्टने घट्ट बसवतात. एवढे करूनही पूर्ण समानता येत नाही. बसवलेले वजन तळाशी असते आणि उंच मुलाच्या खांद्या-डोक्याचे वजन वर. त्याच्या गाडीचा गुरुत्वमध्य किंचित उंचावतो आणि वळणात बाहेरच्या टायरवर थोडा जास्त भार जातो. इंजिनांचेही तसेच. एकाच साच्यातून निघालेल्या दोन इंजिनांची ताकद तंतोतंत सारखी नसते. म्हणून ती डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, तपासतात आणि सील लावतात, कुणी आत हात घालू नये म्हणून. टायर मोजून मिळतात. शर्यत संपल्यावर गाड्या एका कुंपणात उभ्या करतात आणि तपासणी होईपर्यंत त्यांना कुणी स्पर्श करायचा नसतो.

इतके केल्यावर उरतो तो चालक, आणि त्याचा बहुतेक सगळा खेळ ब्रेक आणि वळण यांच्यामधल्या काही मीटरमध्ये असतो.

टायरची पकड ही मर्यादित शिल्लक असते. ती ब्रेकसाठी वापरता येते, वळण्यासाठी वापरता येते किंवा दोघांत वाटता येते. पण दोन्हीकडे पूर्ण वापरता येत नाही. अभियंते याला घर्षणाचे वर्तुळ म्हणतात. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि त्यांची पकड वाढते. कसलेला चालक सरळ रस्त्यावर जोरात ब्रेक दाबतो आणि वळणात शिरताना तो एकदम न सोडता हळूहळू सोडत जातो. ब्रेकचा जोर जितका कमी होतो तितकेच स्टिअरिंग वाढते. टायर प्रत्येक क्षणी त्या वर्तुळाच्या कडेवर असतो, आत नाही आणि बाहेरही नाही. बाहेर गेला तर गाडी घसरते. आत राहिला तर वेळ वाया जातो, आणि तो गेलेला वेळ नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही.

किती वेळ जातो, याचा हिशेब करू. ताशी 200 किलोमीटर वेगाची गाडी 80 वर आणायची आहे. एक चालक सरासरी 1.5 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट, इतक्या मंदनाने ब्रेक लावतो. त्याला साधारण 88 मीटर लागतात. दुसरा 1.4 जीवर थांबतो; त्याला 94 मीटर लागतात, म्हणजे त्याने सहा मीटर आधी ब्रेक मारायला हवा. या एका वळणात दोघांच्या वेळेत फरक पडतो एका सेकंदाच्या विसाव्या भागाचा. फेरीत अशी आठ वळणे असतील तर 0.4 सेकंद, आणि वीस फेऱ्यांत आठ सेकंद. जिंकणे आणि दहावे येणे यांत बहुधा एवढेच अंतर असते. ताशी 200 किलोमीटर वेगाने एका सेकंदाच्या दहाव्या भागात गाडी साडेपाच मीटर पुढे जाते, हेही ध्यानात घ्यावे. खूण पाहून प्रतिक्रिया देत बसले तर उशीरच होणार. चांगली मुले ब्रेकची जागा आधीच ठरवून आलेली असतात.

यात ताकदही लागते, आणि तिचा विचार आपण कमी करतो. फॉर्म्युला-4 मध्ये पॉवर स्टिअरिंग नसते. डोके आणि हेल्मेट मिळून सहा किलो धरले, तर 2 जीच्या वळणात मानेला बाजूने बारा किलोचा ओढा सोसावा लागतो, फेरीमागून फेरी. सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या माना त्यासाठी मुद्दाम तयार कराव्या लागतात. मुले आणि मुली एकाच शर्यतीत, एकाच गुणांसाठी धावतात. वेगळा गट नाही. मला ही या क्रीडाप्रकाराची फार मोठी गोष्ट वाटते.

गाड्या सारख्या असल्या की पुढे जायचे कसे, हाही प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर हवेत आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; वेग दुप्पट झाला की रोध चौपट. पुढची गाडी हवा फाडत जाते आणि तिच्या मागे कमी दाबाचा पट्टा राहतो. त्यात शिरलेल्या गाडीला तेवढ्याच इंजिनात जास्त वेग मिळतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत स्वार एकमेकांच्या चाकाला चाक लावून जातात, तेच तत्त्व. पॉल रिकार्डवर मिस्त्राल नावाचा 1.8 किलोमीटरचा सरळ पट्टा आहे आणि तिथे हा फायदा मोठा ठरतो. वळणात मात्र तीच विस्कटलेली हवा मागच्याच्या मुळावर येते. त्याच्या पुढच्या पंखाला स्वच्छ हवा मिळत नाही, गाडीला खाली दाबणारे बळ घटते आणि पुढची चाके बाहेर सरकू लागतात. फॉर्म्युला-4च्या गाडीत पंखांचे काम जाणूनबुजून मर्यादित ठेवले आहे. त्यामुळे मुलांना जवळून झुंजता येते आणि जवळून झुंजताना काय चुकते हेही शिकता येते.

या वयाच्या मुलांना अशा गाडीत बसवावे का, असे कुणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. 19 जुलै 2009 रोजी ब्रँड्स हॅचला 18 वर्षांचा हेन्री सर्टीझ मरण पावला. तो 1964च्या फॉर्म्युला-वन विश्वविजेत्या जॉन सर्टीझचा मुलगा. तीही एकसारख्या गाड्यांचीच मालिका होती, त्या वेळची फॉर्म्युला-2. दुसऱ्या गाडीचे निखळलेले चाक उसळून त्याच्या डोक्यावर आदळले. त्याची स्वतःची काहीही चूक नव्हती. त्यानंतर अनेक वर्षांच्या चाचण्यांतून ‘हॅलो’ आला, म्हणजे चालकाच्या डोक्याभोवतीची धातूची कमान. 2018 साली तो फॉर्म्युला-वनमध्ये सक्तीचा झाला, तेव्हा गाडी कुरूप दिसते म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. 2020च्या नोव्हेंबरमध्ये बहरीनला रोमाँ ग्रोजाँची गाडी लोखंडी कठड्यात घुसून पेटली. हॅलोने तो कठडा डोक्यापासून दूर ठेवला आणि ग्रोजाँ अर्ध्या मिनिटाच्या आत आगीतून बाहेर आला. आज फॉर्म्युला-4च्या नव्या पिढीच्या गाड्यांतही हॅलो आहे. कार्बन तंतूंचे कवच आणि मान सांभाळणारा हॅन्स पट्टा आधीपासून होतेच. धोका शून्य झालेला नाही, पण या मुलांभोवती आज जितके विज्ञान उभे आहे तितके हेन्रीभोवती नव्हते.

मग हा प्रयोग खरोखर निर्दोष आहे का? माझे उत्तर असे की यंत्राच्या बाबतीत बऱ्यापैकी, माणसाच्या बाबतीत नाही. 2019चे सुवर्ण इटलीच्या चालकाला मिळाले, आणि त्याच वर्षी इटालियन फॉर्म्युला-4 मालिकेची एक फेरी वॅलेलुंगालाच झालेली होती. ओळखीच्या ट्रॅकचा फायदा कोणत्याही वजनकाट्यावर काढून टाकता येत नाही. शिवाय पदक ठरते एकाच मुख्य शर्यतीवर. पहिल्याच वळणात कुणी मागून धडकले तर सगळी गुणवत्ता वाळूत. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, हे शाळेतल्या प्रयोगवहीतही लिहिलेले असते.

पैशाचे तर बोलायलाच हवे. युरोपात फॉर्म्युला-4चा एक हंगाम खेळायला कोट्यवधी रुपये लागतात. देशाच्या संघात निवड होईपर्यंत पोहोचणारी मुले या चाळणीतून आलेली असतात. स्पर्धेच्या त्या चार-पाच दिवसांत गाडी सर्वांना सारखी मिळते; त्याआधीची आठ-दहा वर्षे सारखी मिळालेली नसतात.

भारतापुरते पाहिले तर पाया आता तयार होतो आहे. एफआयएच्या मान्यतेची भारतीय फॉर्म्युला-4 मालिका 2023 पासून सुरू आहे. तिथेही सगळ्यांना फ्रेंच मिगाल कंपनीची एकच गाडी असते, आणि 2024 साली तिच्या शर्यती चेन्नईच्या रस्त्यांवर रात्रीच्या दिव्यांतही झाल्या. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला-2 मधल्या शर्यती जिंकून दाखवून गेला आहे, कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटनच्या फॉर्म्युला-3 मालिकेत धावला आहे. कोल्हापुरात शर्यतींचे वेड जुने आहे आणि कार्टिंगची सोयही आहे.

म्हणून राष्ट्रीय संघटनेकडे एक मागणी करावीशी वाटते. देशाच्या नावाने जाणाऱ्या मुलामुलींची निवड खुल्या चाचणीने करा. कार्ट सर्वांना सारखी, वजन सर्वांना सारखे, टायर संघटनेचे, प्रवेश शुल्क नाममात्र, आणि प्रत्येक फेरीच्या वेळेची नोंद सर्वांना पाहता येईल अशी. चेन्नई आणि कोइमतूरबरोबर मुंबई, पुणे आणि कोल्हापूरलाही चाचण्या घ्या. ज्या स्पर्धेचा सारा पाया समान गाडीवर उभा आहे, तिच्यासाठीची निवड वडिलांच्या पाकिटावर ठरू देऊ नका.